शर्विलकाच्या शोधात

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी वाचकाला परका नाही. संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराच्या भिंतीपाशी येतो, आणि चोराला साजेशी घाई न करता विचार करत बसतो तो भगदाडाच्या आकाराचा! कमळासारखे पाडावे, सूर्यबिंबासारखे, चंद्रकोरीसारखे, की पूर्णकुंभासारखे? भाजक्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभच शोभेल, असा निर्णय होतो. मापाची दोरी घरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे कामी येते. सकाळी लोकांनी भोक पाहून घर लुटले गेल्याची हळहळ तर करावीच, पण कारागिरीची तारीफही करावी, ही त्याची मनीषा. चौर्य ही एक कला आहे आणि चोर हा शास्त्र जाणणारा कलावंत, ही कल्पना आपल्या मनात शर्विलकाने पक्की केली आहे.

१९८३ साली 'वॉरगेम्स' हा अमेरिकी चित्रपट आला. घरच्या संगणकावरून सैन्याच्या संगणकात शिरणारा त्यातला शाळकरी मुलगा हा या शर्विलकाचाच दूरचा वंशज म्हणावा लागेल. संगणकात चोरवाटेने शिरणारा माणूस विलक्षण बुद्धीचा, एकाकी आणि थोडा वेडा असतो, अशी प्रतिमा त्यानंतर वर्तमानपत्रांनी जोपासली. मात्र त्याच दशकात काही माणसांनी एक वेगळाच उद्योग आरंभला. घुसखोर आत शिरल्याचे कळल्यावर त्याला हाकलण्याऐवजी त्यांनी त्याला आत राहू दिले आणि तो काय करतो ते निमूटपणे पाहिले. प्रस्तुत लेख या पाहणाऱ्यांविषयी आहे. त्यांना शर्विलक भेटला का, आणि पाहण्याची कोणती किंमत त्यांनी मोजली, एवढेच दोन प्रश्न माझ्यापुढे आहेत. ('हॅकर' हा शब्द मुळात कुशल आणि खटपट्या तंत्रज्ञासाठी होता, त्याला चोराचा अर्थ नंतर चिकटला, याविषयीचा वाद जुना आहे. त्यात न पडता मी शक्य तेथे 'घुसखोर' हा शब्द वापरतो.)

आरंभ करावा लागतो तो क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञापासून. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. संगणकविभागात नुकत्याच रुजू झालेल्या स्टोलकडे ते किरकोळ काम सोपवले गेले. दुसऱ्या कुणी ते पाऊण डॉलर पदरचे घालून प्रकरण मिटवले असते. स्टोलच्या ध्यानात आले की कुणीतरी परका माणूस संगणक वापरून गेला आहे. एका शनिवार-रविवारी त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरची छपाईयंत्रे, टेलिप्रिंटर आणि टर्मिनले, मालकांना न विचारताच, गोळा केली आणि बाहेरून येणाऱ्या पन्नासेक तारांना एकेक जोडून दिली. घुसखोर जे जे अक्षर टंकित करी ते ते येथे कागदावर उमटू लागले. संगणकसुरक्षेच्या इतिहासातले हे एक मूळ हस्तलिखितच, असे म्हणायला माझी हरकत नाही. एका माणसाने दुसऱ्या कुणाला वाचायला न देण्याच्या हेतूने लिहिलेले, आणि तिसऱ्याने चोरून वाचलेले.

त्या कागदांत स्टोलला काय दिसले? घुसखोराने साडेचारशेच्या आसपास संगणकांची दारे ठोठावली आणि तिसांहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला. पण ही दारे त्याने फोडली नव्हती. यंत्राबरोबर कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कुणी बदललेलेच नव्हते. पाहुण्यांसाठी ठेवलेली खाती उघडी होती. एका लोकप्रिय प्रणालीतला एक ज्ञात दोष तो पुनःपुन्हा वापरीत होता. पूर्णकुंभ नव्हे, चंद्रकोर नव्हे; कडी लावायची राहिलेली दारे एकामागून एक ढकलून पाहणारा, अत्यंत चिकाटीचा माणूस. स्टोलला त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या सोशिकतेचे आश्चर्य वाटत राहिले. हा मार्कुस हेस नावाचा जर्मन तरुण हानोफर शहरातून हे करीत होता आणि मिळालेला ऐवज रशियाच्या केजीबीला विकला जात होता, हे उलगडायला जवळजवळ वर्ष लागले. १९९० साली हेस आणि त्याचे साथीदार दोषी ठरले. शिक्षा मात्र स्थगित ठेवल्या गेल्या.

स्टोलची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. त्याने स्वतः ती १९८९ च्या 'द ककूज एग' या पुस्तकात फार रसाळपणे सांगितली. त्यातला एक प्रसंग मला इतरांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. एकदा घुसखोर खरोखरच नाजूक अशी माहिती उतरवून घेऊ लागला. तार तोडावी, तर त्याला संशय येणार आणि इतक्या महिन्यांची पाळत फुकट जाणार. तोडू नये, तर माहिती जाणार. स्टोलने खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तो तारेच्या जोडणीवर खुळखुळवला. पलीकडच्या माणसाला वाटले, दूरध्वनीच्या तारेत खरखर आहे. वरवर विनोदी वाटणाऱ्या या क्षणी पाहणारा हा केवळ पाहणारा राहिलेला नाही. आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरावर दरोडा पडताना तो दार उघडे ठेवून उभा आहे, आणि किती लुटू द्यायचे याचे माप त्याच्या हाती आले आहे.

घुसखोराचा माग लागावा इतका वेळ तो जोडलेला राहावा, म्हणून पुढे स्टोलने आणि त्याच्या सहचारिणीने मिळून एक खोटे संरक्षणखाते रचले. अमेरिकेच्या तत्कालीन क्षेपणास्त्रविरोधी योजनेचे नाव, कंटाळवाण्या सरकारी भाषेतली ढीगभर पत्रे आणि एक काल्पनिक सचिव बाई. हेस तासन् तास ते वाचत बसला. काही महिन्यांनी त्या काल्पनिक बाईंच्या नावे पिट्सबर्गहून एक खरेखुरे पत्र आले, त्यात यादीतल्या कागदपत्रांची मागणी होती! आपल्या पात्राला टपाल येण्याचे भाग्य फार थोड्या लेखकांना लाभते.

अशा आमिषाला पुढे 'हनीपॉट' हे नाव रूढ झाले. मराठीत 'मधाचे बोट लावणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच, पण त्यात खोट्या आशेने झुलवत ठेवण्याचा अर्थ आहे. येथे बोट नव्हे, अख्खे भांडेच उघडे ठेवायचे असते. कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या कंटकशोधनाच्या अधिकरणात सिद्धपुरुषांच्या वेषातले हेर येतात. दारे आपोआप उघडणारे, पहारेकऱ्यांना झोपवणारे, माणसाला अदृश्य करणारे मंत्र आपल्याजवळ आहेत, अशी बतावणी करून ते चोरीकडे कल असलेल्या तरुणांना आधीच सज्ज करून ठेवलेल्या गावात नेतात. तेथले लोक झोपेचे सोंग घेतात, दारे 'मंत्राने' उघडतात, आणि पुढे खुणा केलेल्या मालासह तरुण पकडले जातात. कौटिल्याला चोर पकडायचा आहे. त्याच्याकडून काही शिकायचे आहे असे त्या प्रकरणात दिसत नाही. आपल्या पाहणाऱ्यांचे वेगळेपण नेमके येथे आहे.

बिल चेस्विक हा त्यांतला सर्वांत मोकळा. ७ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या आंतरजालावरील प्रवेशद्वाराशी एका घुसखोराने टपालप्रणालीतली एक प्रसिद्ध फट अजमावली आणि परवलीच्या शब्दांची यादी मागितली. फट तेथे नव्हतीच. चेस्विकने त्याला एक बनावट यादी पाठवून दिली. नंतरच्या एका संध्याकाळी घुसखोर आत येऊ लागला, तेव्हा त्याला आत घ्यायला योग्य असे यंत्रच अस्तित्वात नव्हते. मग चेस्विक स्वतः यंत्र झाला. समोरचा आज्ञा टंकित करी, आणि अशा संगणकाने काय उत्तर दिले असते ते चेस्विक हाताने रचून पाठवी. यंत्र मंद का, एखादे साधन तेथे का नाही, आधी दिलेल्या उत्तराशी आताचे उत्तर जुळते का, हे सगळे सांभाळावे लागे. कादंबरीकाराला पडणारे सुसंगतीचे प्रश्न त्याला पडले, फरक इतकाच की त्याचा वाचक मिनिटामिनिटाला पुरावा मागत होता. त्याच संध्याकाळी घुसखोराने सर्व धारिका पुसून टाकण्याची आज्ञा दिली. पुसण्यासारखे काहीच नसल्यामुळे निभावले. पण हाच माणूस इतरत्र, खऱ्या यंत्रावर, हेच करू शकला असता.

पुढे चेस्विकने त्याच्यासाठी संगणकातच एक बंदिस्त कोठडी बांधली आणि काही महिने त्याला पाहिले. त्याचा माग नेदरलँड्सपर्यंत लागला, जेथे त्या काळी अशा घुसखोरीविरुद्ध कायदाच नव्हता. १९९२ साली मांडलेल्या निबंधात चेस्विकने काढलेला निष्कर्ष स्टोलच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. घुसखोराजवळ भरपूर वेळ होता, चिकाटी होती आणि ज्ञात दोषांची एक चांगली यादी होती. नवे शोधून काढण्याची प्रतिभा या निष्कर्षात कोठेच नाही.

त्याच सुमारास सामाजिक शास्त्रांचे लक्षही या जगाकडे वळले. गॉर्डन मायर याने १९८९ साली नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाला सादर केलेल्या समाजशास्त्राच्या प्रबंधिकेत या भूमिगतांच्या सामाजिक रचनेचा अभ्यास केला. ही माणसे एकाकी नसून 'सहव्यवसायी' आहेत, कृत्य एकेकटी करतात पण ज्ञान आणि प्रतिष्ठा एकमेकांकडून मिळवतात, असे त्याचे प्रतिपादन. डोरोथी डेनिंग या संगणकशास्त्रज्ञेने १९९० साली या मंडळींशी थेट बोलून ती मुख्यतः शिकू पाहणारी असल्याचे लिहिले. त्या निबंधावर टीका झाली, आणि डेनिंग यांची मतेही पुढे बरीच बदलली. असो. ऐकण्यासाठी समोर बसून प्रश्न विचारावेत, हा प्रामाणिक मार्ग त्यांनी वापरला हे नोंदवायला हवे, कारण पुढचा टप्पा त्याच्या नेमका उलट आहे.

लान्स स्पिट्झनर हा रणगाडादलातला माजी सैनिक अधिकारी. १९९९ साली त्याने आपल्या घरचा एक साधा संगणक कोणताही बंदोबस्त न करता आंतरजालाला जोडून ठेवला. पंधरा मिनिटांत तो फोडला गेला. त्याच्याभोवती जमलेल्या गटाने २००० साली 'हनीनेट प्रकल्प' हे नाव घेतले. 'शत्रूला ओळखा' या त्यांच्या निबंधमालेचे शीर्षकच सैनिकी आहे. ४ जून २००० रोजी त्यांचे सोलॅरिस प्रणालीचे एक यंत्र एका टोळीने काबीज केले आणि त्यावर आपल्या गप्पांच्या खोलीसाठी एक स्वयंचलित सहायक बसवला. गप्पा इंटरनेट रिले चॅटवर चालत. त्या आता पाळतीखालच्या तारेतून वाहू लागल्या. टोळीला त्याचा पत्ता नव्हता. शत्रूने आपला सभामंडप पहारेकऱ्याच्या ओसरीवर आणून उभारला होता.

या गप्पांचा जो दिवसवार वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केला, तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असे मला मनापासून वाटते. पहिल्या दिवशी सदस्य हल्ल्याच्या साधनांचा साठा कसा करावा ते ठरवतात. दुसऱ्या दिवशी कोणाकडे किती साधने आहेत याची बढाई. चौथ्या दिवशी संपूर्ण भारत आंतरजालावरून उडवून देण्याचा बेत होतो, आणि नंतर खोलीत त्रास देणाऱ्या कुणावर तरी तोच हल्ला चालवला जातो. पाचव्या दिवशी तारेवरून जाणारी माहिती टिपण्याचे साधन नेमके कसे चालते, याविषयी दोघे चाचपडत बोलतात, आणि त्यांना ते नीट उमगत नाही. सहाव्या दिवशी याच गटातल्या एकाने चाळीसहून अधिक यंत्रे काबीज केलेली असतात. अज्ञान आणि विध्वंस यांचे हे सहअस्तित्व इतक्या उघडेपणाने मी अन्यत्र वाचलेले नाही. शर्विलक येथे नाही. दुसऱ्याने पाडलेल्या भोकाचा नकाशा हाती असलेली, तो नकाशा वाचताही न येणारी, आणि तरी घरामागून घर लुटणारी पोरे मात्र आहेत.

या वृत्तांतात दोन वाङ्मयीन प्रश्न आहेत, ज्यांची चर्चा सुरक्षेच्या अभ्यासकांनी फारशी केलेली दिसत नाही.

पहिला भाषेचा. टोळीच्या संभाषणाचा काही भाग उर्दूत होता, तोही रोमन लिपीत. गट पाकिस्तानातला असावा, हे अनुमान त्यावरून. अक्षर न् अक्षर पकडणारी यंत्रणा उभारली, प्रत्येक आज्ञेची नोंद झाली, आणि शेवटी जे हाती आले ते भाषा येणाऱ्या माणसाखेरीज कुणाला वाचता येईना! उर्दू ओळींना भाषांतर जोडावे लागले. रोमन उर्दूला ठरलेले शुद्धलेखन नाही. त्यात शिवी कोणती, लाडाने मारलेली हाक कोणती आणि खरी धमकी कोणती, हे कोशात सापडत नाही. भारताविषयीचा बेत हा किती बेत आणि किती बढाई, हे ठरवणे म्हणजे स्वर ओळखणे, आणि स्वर हा वाचकाचा प्रांत आहे. हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, जून १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 'मिलवर्म' नावाच्या गटाने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून तेथला पत्रव्यवहार उचलला होता. तो गट निरनिराळ्या देशांतल्या, बहुतेक विशीच्याही आतल्या मुलांचा निघाला. त्यांचा निषेध खरा होता की खोडी, हे यंत्रातल्या नोंदींवरून कसे ठरणार? हनीनेटने पुढे मॅक्स किल्गर या सामाजिक मानसशास्त्रज्ञाला बरोबर घेतले. पैसा, अहंकार, करमणूक, ध्येय, गटात प्रवेश आणि प्रतिष्ठा अशी हेतूंची यादी त्याने मांडली. यादी उपयुक्त आहे. पण शर्विलक ज्या कारणासाठी चोरी करतो, म्हणजे मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी, ते तिच्यात कोठे बसवावे याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

दुसरा प्रश्न नावांचा. प्रसिद्ध करण्यापूर्वी संपादकांनी खरी टोपणनावे काढून नवी घातली. हे योग्यच झाले. पण घातली कोणती? अक्षरांच्या जागी आकडे घालून लिहिलेली डिक, जेन आणि स्पॉट. अमेरिकेतल्या काही पिढ्या ज्या बालपुस्तकांतून वाचायला शिकल्या, त्यांतली ही भावंडे, आणि स्पॉट तर त्यांचा कुत्रा! वृत्तांतावर भाष्य न करता संपादकाने भाष्य करून टाकले आहे. वाचक पहिल्या ओळीपासून या टोळीकडे बालवर्गातली मुले म्हणून पाहू लागतो. ती तशी होतीही कदाचित. परंतु मूळ नावे निरुपद्रवी नसतीलच असे नाही, आणि ती आपण स्वतःला का दिली, हे त्या मुलांचे एकमेव स्वतंत्र वाक्य आपल्यापर्यंत पोचत नाही. निरीक्षणात निवेदक लपून राहतो असे मानणाऱ्यांनी एवढा एक नामकरणविधी जरूर तपासावा.

स्टोलच्या किल्ल्यांचा प्रश्नही येथे परत येतो. काबीज केलेल्या यंत्रावरून टोळीने तिसऱ्यावर हल्ला केला तर? हनीनेटच्या पहिल्या रचनेत बाहेर जाणाऱ्या जोडण्या मोजल्या जात. पाच ते दहा जोडण्या होऊ द्यायच्या, नंतर वाट बंद. एकही होऊ दिली नाही तर पाहुण्याला संशय येणार. सगळ्या होऊ दिल्या तर आपण साथीदार. चोराला किती अपराध करू द्यावेत याचा आकडा येथे एका तांत्रिक नियमात लिहिला गेला आहे. या माणसांनी तो निदान लिहिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस पाहणारा आणि पाहिला जाणारा असा दोन्ही आहे. मॅक्स बटलर, आंतरजालावर मॅक्स व्हिजन, हा सुरक्षाक्षेत्रातला एक नावाजलेला तज्ज्ञ, आणि हनीनेटच्या सुरुवातीच्या काळात फोडल्या गेलेल्या यंत्रांचे विश्लेषण करणाऱ्यांपैकी एक. १९९८ साली त्याने अमेरिकी सरकारच्या अनेक यंत्रांतला एक दोष स्वतःहून दुरुस्त केला आणि जाता जाता स्वतःसाठी मागचे दार ठेवले. २००१ साली त्याला अठरा महिन्यांची कैद झाली. सुटून आल्यावर तो चोरलेल्या क्रेडिट कार्डांच्या बाजारात उतरला, 'आइसमॅन' या नावाने. सुमारे १८ लाख कार्डांचा तपशील त्याच्याजवळ सापडला, आणि २०१० साली त्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. शर्विलकाच्या जवळ जाणारा असा या हकीकतीत हा एकच. आणि तो पाहणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून गेलेला.

२००६ च्या सुमारास बटलरची स्पर्धा होती ती 'डार्कमार्केट' या दुसऱ्या चोरबाजाराशी. त्याचा एक चालक 'मास्टर स्प्लिंटर' हा वस्तुतः कीथ मुलार्स्की नावाचा एफबीआयचा अधिकारी होता. पाहणाऱ्याने येथे कोठडी बांधली नव्हती, की तार ऐकली नव्हती. तो बाजाराचा कारभारीच होऊन बसला होता. भांडणे सोडवीत होता, सभासदांची पत ठरवीत होता, चोरीचा माल नीट विकला जावा याची व्यवस्था पाहत होता. बटलरला संशय आला. त्याने मागोवा घेतला, आणि स्प्लिंटरच्या जोडणीचा पत्ता पिट्सबर्गच्या अशा एका संस्थेत निघाला जेथे पोलीस आणि खाजगी तज्ज्ञ एकत्र काम करीत. त्याने हे जाहीर केले. पुरावा बिनचूक होता, वाचनही बिनचूक होते.

कुणी विश्वास ठेवला नाही. त्या जगात प्रतिस्पर्ध्याला सरकारी हेर म्हणणे ही रोजची बोली होती. बटलरला स्वतःलाही कितीएकदा तेच म्हटले गेले होते. डार्कमार्केट जवळजवळ दोन वर्षे चालू राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये ते बंद झाले, ते मुलार्स्कीने बंद केले म्हणून.